प्रोसेसर बदलणेबाबत

मी एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात आहे, आणि माझ्या हातून आजवर एकही चुकीची खरेदी झालेली नाही. हे मी अभिमानानं सांगतो. यावर माझी बायको म्हणते की, चुकीची व्हायला आधी खरेदी व्हावी लागते. पण तिला आमच्या कामातलं फारसं कळत नाही. बाजारात जाऊन वस्तू उचलून आणणं म्हणजे खरेदी नव्हे, ते कुणीही करतं. खरेदी म्हणजे आधी मागणी, मागणीवर अभिप्राय, अभिप्रायावर शेरा, मग तीन दुकानांची दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि तो तक्ता साहेबांपुढे जाईपर्यंत बाजारात त्याहून चांगली वस्तू आली की पुन्हा पहिल्यापासून मागणी. आमच्या विभागातल्या खुर्च्यांचा प्रस्ताव माझ्या आधीच्या माणसानं मांडला होता. तो निवृत्त झाला. खुर्च्या अजून यायच्या आहेत. पण मधल्या काळात बाजारात ज्या ज्या वाईट खुर्च्या येऊन गेल्या त्या सगळ्या घेण्यापासून आम्ही वाचलो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

तर आमच्या घरातला कॉम्प्युटर. तो तसा माझा नाही, बायकोचा आहे. ती घरांच्या आणि दुकानांच्या आतल्या रचना करते. कपाट कुठे, दिवा कुठे, कोणत्या भिंतीला कोणता रंग. बरीच वर्षं तिनं दुसऱ्याच्या ऑफिसात हे काम केलं. चित्रं ती काढायची आणि खाली सही तिचे साहेब करायचे. शेवटी एक दिवस तिनं ती नोकरी सोडली आणि घरातल्या मागच्या खोलीत स्वतःचं टेबल मांडलं. (सोडण्याआधी तिनं माझं मत विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी थांबायला सांगितलं असतं, हे तिला ठाऊक होतं.) आणि थोड्याच दिवसांत तिला पहिलं काम मिळायची वेळ आली. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना.

मिळायची वेळ आली म्हणतो, मिळालं म्हणत नाही. कारण डॉक्टरीणबाईंनी आणखी एका मोठ्या कंपनीलाही विचारलं होतं. दोघांनीही महिनाअखेरीला दवाखाना कसा दिसेल ते दाखवायचं, आणि तेही नुसत्या कागदावर नाही. दारातून आत शिरल्यासारखं, चालता चालता सगळं दिसलं पाहिजे. असं चालतं चित्र कॉम्प्युटर तयार करतो. आमचा कॉम्प्युटर सकाळी कामाला लावला की संध्याकाळपर्यंत एक भिंत आणि अर्धी खिडकी तयार करायचा आणि मग आतून घर्रर्र असा आवाज काढून बंद पडायचा.

"अहो, प्रोसेसर बदलायला हवा," एका सकाळी ती म्हणाली. "यात हे काम होणार नाही. आणि माझं वेळेत झालं नाही तर काम त्या कंपनीला जाणार. माझ्या नावावरचं पहिलंच काम आहे."

"तू अजिबात काळजी करू नकोस," मी म्हणालो. "मी जातीनं लक्ष घालतो."

हे ऐकून तिचा चेहरा पडला. तेव्हा मला वाटलं, भावना दाटून आल्या असतील.

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू असतो, असं ज्याला त्यातलं काही कळत नाही तोही सांगतो. आकारानं तो बिस्किटाएवढा असतो. आता मेंदू बदलायचा म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. मी त्याच दिवशी कार्यालयातून एक कोरी फाईल घरी आणली (ती रीतसर मागणी करून घेतली होती, उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये) आणि वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: विषय, घरगुती संगणकाचा प्रोसेसर बदलणेबाबत. पहिलं पान मागणी करणाऱ्यासाठी असतं. ते मी बायकोपुढे ठेवलं. तिनं लिहिलं, "ताबडतोब हवा." मी त्याखाली शेरा मारला, "निकडीचे कारण नमूद करावे," आणि फाईल तिच्या टेबलावर परत ठेवली. त्यावर तिनं जे तोंडी सांगितलं ते फाईलवर घेता येण्यासारखं नव्हतं.

मग अभिप्राय. सुरुवात समोरच्या दारापासून केली. समोर एक निवृत्त प्राध्यापक राहतात, विषय अर्थशास्त्र. त्यांनी प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच डोळे मिटले.

"थांबा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरची वस्तू आज जेवढ्याला मिळते त्याहून उद्या स्वस्त मिळते आणि उद्याची आजच्यापेक्षा चांगली असते. बरोबर? मग शहाणा माणूस काय करील?"

"उद्या घेईल."

"पण उद्या गेल्यावर परवा असतोच ना!"

मी थक्क झालो. इतका साधा विचार आमच्या विभागात इतक्या वर्षांत कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत मांडला नव्हता. प्राध्यापक नुसते बोलत नाहीत, तसे वागतातही. याच तत्त्वावर त्यांनी अजून टीव्ही घेतलेला नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बघतात.

दुकानदाराचा अभिप्राय अर्थातच उलटा पडला. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी तिथे अनेकदा जातो, दरपत्रकं घेतो आणि परत येतो. दुकानातले लोक मला पाठीमागे कोटेशनसाहेब म्हणतात, हे मला माहीत आहे. मला त्यात वावगं काही वाटत नाही.

"आजच न्या साहेब," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात भाव वाढणार."

"असं तू मागच्या महिन्यातही म्हणालास."

"मग वाढले नाहीत का?"

वाढले होते. पण दुकानदाराचं म्हणणं खरं ठरलं म्हणून ते ग्राह्य धरता येत नाही. तो हितसंबंधी पक्ष आहे.

तिसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कॉम्प्युटरवर लढाया खेळायचा नाद आहे आणि यातलं त्याला सगळं कळतं. त्यानं आमच्या कॉम्प्युटरचा डबा उघडून आत नुसतं डोकावून पाहिलं आणि ज्या सुरात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात त्या सुरात मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, दोन रस्ते आहेत. या जुन्या बोर्डावर बसणारा सगळ्यात तगडा प्रोसेसर घ्यायचा, हा एक. नाहीतर थांबा, नवीन पिढी येतेय. पण ती या बोर्डावर बसणार नाही."

"म्हणजे बोर्ड बदलायचा."

"बोर्ड बदलला की मेमरी बदलायची. मग वीज पुरवणारी पेटी कमी पडेल. ती मोठी घेतली की या डब्यात मावणार नाही."

"आणि डबा मोठा घेतला की टेबलाखाली जाणार नाही," मी म्हणालो. मला विषय कळू लागला होता. "टेबल बदललं की ते दारामागे बसणार नाही. दुसऱ्या भिंतीला लावावं लागेल, आणि त्या भिंतीला प्लगच नाही."

त्या संध्याकाळी मी तक्ता करायला बसलो. पर्याय अ, जुन्या बोर्डावरचा. त्याचा अक्षरं आणि आकड्यांनी भरलेला लांबलचक क्रमांक लिहून लिहून मला पाठ झाला. पर्याय ब, नवीन पिढी, अधिक बोर्ड, अधिक मेमरी, अधिक पेटी, डबा, टेबल, इलेक्ट्रिशियन, गवंडी, रंगारी. शेवटी कागदावर असं निघालं की प्रोसेसर नीट बदलायचा तर घर बदललेलं बरं. इतका सखोल विचार केल्याशिवाय लोक खरेदी करतात तरी कशी, हेच मला समजेना.

"काय ठरलं?" बायको रोज विचारायची.

"विचाराधीन आहे."

"तारीख जवळ येतेय हो."

"म्हणूनच घाई करून चालणार नाही."

ती मागच्या खोलीत जायची आणि तो घर्रर्र आवाज पुन्हा सुरू व्हायचा. तिच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची कागदावरची चित्रं वाढत चालली होती आणि कॉम्प्युटरवर मात्र तीच एक भिंत आणि अर्धी खिडकी. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण तिच्या चिंतेपेक्षा माझी चिंता मोठी होती. चुकीचा प्रोसेसर आला असता तर जबाबदार मी ठरलो असतो.

अशातच मला कार्यालयातर्फे परगावी प्रशिक्षणाला जावं लागलं. विषय होता "जलद निर्णयप्रक्रिया". प्रशिक्षण चांगलं झालं. जलद निर्णय कसा घ्यावा याच्या दोन पद्धती सांगितल्या आणि त्यांतली कोणती स्वीकारायची हे पुढच्या प्रशिक्षणात ठरवू, असं ठरलं.

परत आलो तर घरात चमत्कार. मागच्या खोलीतून आवाज नाही. कॉम्प्युटर बटण दाबताच सुरू होतोय. बायको पडद्यावर एक भिंत इकडची तिकडे करत होती आणि ती मुकाट्यानं जात होती.

"हे काय?" मी म्हणालो. "हा पळायला लागला!"

बायकोनं मान वर केली नाही. "हो, जरा बरा चाललाय खरा."

"जाण्याआधी मी त्याला भिंतीपासून हातभर पुढे ओढला होता. आठवतंय?"

"तुम्ही ओढला होता खरा."

"हवा लागली! आणि मी नव्हतो तेव्हा दुपारी त्याला विश्रांती दिलीस की नाही?"

"दिली. एक दुपार तो पूर्ण बंदच होता."

झालं. मला सगळा उलगडा झाला. यंत्राला आपण दोष देत बसतो, पण त्याला नीट वागवत नाही. मी लगेच प्राध्यापकांना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. आधी हा कसा होता, आता कसा आहे, आणि मधे खर्च काय झाला, तर काहीही नाही. प्राध्यापक सद्गदित झाले. थांबल्यानं वस्तू स्वस्त मिळते हे त्यांना माहीत होतं, पण थांबल्यानं जुनी वस्तूच सुधारते, हा त्यांच्या शास्त्रातला नवा मुद्दा होता. मेहुण्यालाही फोन केला. तो पलीकडे बराच वेळ खोकत होता.

"भाऊजी," शेवटी तो म्हणाला, "तुमच्या हाताला गुण आहे."

"मग थांबू म्हणतोस ना?"

"अगदी बिनधास्त थांबा. जितकं थांबाल तितकं थांबा."

मेहुण्यानं इतक्या मनापासून मला कधीच दुजोरा दिला नव्हता. मी तीन-चार दिवस भाव खाऊन घेतला. कार्यालयातही हा किस्सा सांगितला आणि मोठ्या साहेबांनी खुर्च्यांच्या फाईलवर "जुन्या खुर्च्या भिंतीपासून पुढे ओढून पाहाव्यात" असा शेरा मारला. फाईलच्या शेवटच्या पानावर मी निर्णय लिहिला: सद्यःस्थितीत प्रोसेसर बदलण्याची आवश्यकता दिसून येत नाही. बायकोनं तो वाचला आणि "छान" म्हणाली. नवऱ्याच्या निर्णयाला बायको नुसतं "छान" म्हणते तेव्हा सावध व्हायला हवं. पण मी यशाच्या धुंदीत होतो.

आता फाईल बंद करायची, तर एक रकाना कोरा राहिला होता. "विद्यमान वस्तूचा क्रमांक." सध्या डब्यात आहे तो प्रोसेसर नेमका कोणता, हे लिहायचंच राहून गेलं होतं. कोरा रकाना ठेवून फाईल बंद करणं माझ्या रक्तात नाही. आणि हा योग आला तो नेमका डॉक्टरीणबाईंना चित्र दाखवायच्या आदल्या दिवशी.

मी कार्यालयातून जरा लवकर आलो होतो. बायको शेवटची मापं घ्यायला नव्या दवाखान्याच्या जागेवर गेली होती. मागच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता आणि पडद्यावर एक निळी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे येऊन थबकली होती. मी थोडा वेळ पाहिलं, ती हलेना. आमच्या कार्यालयात पडदा असा थिजला की एकच उपाय करतात आणि तो सगळ्यांना येतो. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. डबा आडवा केला, स्क्रू काढले, आतला पंखा काढला.

पंख्याखाली प्रोसेसर होता, पण त्याच्यावर करड्या रंगाचा काहीतरी चिकट राप बसला होता. तो पाहून मला किळस आली. बायको घरात इतकी टापटिपीची आणि इथे हे असं! मी फडकं आणलं, स्पिरिट आणलं आणि घासून घासून सगळं लख्ख केलं. पंख्याची खालची बाजूही सोडली नाही. तोंड दिसेल इतकी चमक आली. मग त्यावरचा क्रमांक बारीक अक्षरांत होता म्हणून उजेडात नेऊन वाचावा, या विचारानं प्रोसेसर उपसला. तो सहजी येईना. जरा जोर लावला, तेव्हा आला.

खिडकीशी जाऊन क्रमांक वाचला. तो माझा पाठ असलेला क्रमांक होता. पर्याय अ! जो घ्यावा की घेऊ नये यावर मी इतके दिवस रक्त आटवलं, तोच आमच्याकडे मुळात होता! माझा आनंद गगनात मावेना. केवढी फसवणूक टळली होती! दुकानदार आम्हाला आमचाच प्रोसेसर पुन्हा विकणार होता. मी घाईघाईनं तो जागेवर दाबला, पंखा बसवला, बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळाच.

दार उघडलं आणि बायको आत आली. मी तिला आधी आनंदाची बातमी सांगितली.

"अगं, आपल्याकडे पहिल्यापासून पर्याय अ-च आहे!"

ती डब्याकडे बघत होती. मग फडक्याकडे. मग स्पिरिटच्या बाटलीकडे.

"चित्र तयार होत होतं," ती हळूच म्हणाली. "दुपारपासून लावलं होतं. अर्ध्याच्या वर झालं होतं."

"पट्टी हलत नव्हती गं."

"ती सावकाशच हलते." ती दारालाच टेकून उभी राहिली. "आणि तो पहिल्यापासून नव्हता. तुम्ही प्रशिक्षणाला गेलात त्या दिवशी मी जाऊन आणला. दादानं बसवला."

ही तिच्या धाकट्या भावाला दादा म्हणते, लाडानं. म्हणजे तो खोकला या कारणानं होता. प्रात्यक्षिक आठवलं, प्राध्यापकांचे भरून आलेले डोळे आठवले, मोठ्या साहेबांचा शेरा आठवला. मी तोंडघशी पडलो होतो आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून.

"मला का नाही सांगितलंस?" मी जरा घुश्शातच म्हणालो. माणसाला काही स्वाभिमान असतो.

"सांगितलं असतं तर तुम्ही अभिप्राय मागवले असतेत." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला भांडायला वेळ नव्हता हो. मला चित्र करायचं होतं."

मग तिनं भावाला फोन केला आणि थोड्या वेळानं मेहुणा आला. त्यानं प्रोसेसर काढून उलटा केला. खालून टाचण्यांसारखे बारीक पाय असतात, ते सगळे एका अंगावर निजले होते. "बाजूला एक छोटी दांडी असते भाऊजी," तो म्हणाला, "ती उचलली की हा आपोआप सुटतो. आणि ती घाण नव्हती. तो लेप असतो, उष्णता ओढून घेणारा. बोर्ड वाचलाय. हा गेला."

आणि चित्र तर उद्याच दाखवायचं होतं. बायको पलंगाच्या कडेवर बसून दवाखान्याची कागदावरची चित्रं एकावर एक ठेवत होती. ती रडत नव्हती. ती नोकरी सोडून आली त्या दिवशी असंच आपलं सामान पिशवीतून काढून टेबलावर मांडत होती, आणि आज तेच हात सगळं आवरायला लागले होते. मला ते बघवेना. मी चपला घातल्या आणि निघालो.

दुकानदार शटर ओढण्याच्या बेतात होता. "या कोटेश... या साहेब," तो म्हणाला. "दरपत्रक ना? उद्या देतो."

"बाईंनी नेला होता तोच प्रोसेसर द्या," मी म्हणालो. "आत्ता."

त्याचा कानांवर विश्वास बसेना. "घ्यायला आलात?"

"घ्यायला आलोय. लेपासकट."

त्यानं फळीवरून डबी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि का कुणास ठाऊक, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला माझी दया आली. "साहेब, खरं सांगू? तुम्ही आमचे जुने... म्हणजे, नेहमी येणारे. सोमवारपर्यंत थांबाल तर नवीन माल येतोय. याच्या दुप्पट जोराचा आणि स्वस्त."

आयुष्यभर मी हे वाक्य एखाद्या दुकानदाराच्या तोंडून ऐकायला आसुसलो होतो. माझे हात खिशाकडे जाता जाता थांबले. डोळ्यांपुढे तुलनात्मक तक्ता तरळून गेला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण त्या तक्त्यामागून ते कागद एकावर एक ठेवणारे हात दिसत होते.

"हाच द्या," मी म्हणालो आणि पुन्हा विचार येण्याआधी दुकानाबाहेर पडलो.

मेहुण्यानं तो बसवला आणि बायकोनं चित्र पहिल्यापासून लावलं. मला खोलीच्या उंबऱ्याच्या आत यायला बंदी झाली, जी मी मुकाट्यानं मानली. सकाळी उठलो तेव्हा निळी पट्टी शेवटाला पोचली होती. पण ते चित्र इतकं मोठं झालं होतं की दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालेना. तेव्हा आख्खा डबा दवाखान्यात न्यायचं ठरलं, आणि तो उचलण्याचा मान मला मिळाला.

डॉक्टरीणबाईंचा जुना दवाखाना म्हणजे एक चिंचोळी खोली, एक खुर्ची आणि बाहेर पेशंट बसवायला बाकडं. हिशेब त्यांचे यजमान बघायचे. बायकोनं चित्र सुरू केलं. पडद्यावर दार उघडलं, आपण आत गेलो, डावीकडे लहान मुलांना बसायला ठेंगणी बाकं, खिडकीतून येणारा उजेड पेशंटच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिरकी फिरवलेली खुर्ची, आणि हत्यारांचा ट्रे पेशंटला दिसणार नाही अशा जागी. डॉक्टरीणबाई पुढे सरकून बघत होत्या. "मला हेच सांगता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्या कंपनीनं नुसता संगमरवर दाखवला."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

"उत्तमच आहे," यजमान म्हणाले. "चित्राबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच आहे की आत्ता करावं, की थांबावं?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणजे बघा," ते शांतपणे म्हणाले, "प्लायवूडचे भाव पुढे उतरतील म्हणतात. शिवाय खुर्चीचं नवं मॉडेल येतंय. त्याचं माप वेगळं निघालं तर? मग भिंत पुन्हा हलवा. दोन-चार लोकांचे अभिप्राय घेऊ. घाई काय आहे?"

एकही मुद्दा चुकीचा नव्हता. मी असतो तर याच क्रमानं मांडले असते. एरवी असा माणूस भेटला असता तर मी त्याला घरी चहाला बोलावलं असतं. पण मी बायकोकडे बघत होतो. तिनं मान डोलावली, "बरोबर आहे" असं काहीतरी म्हणाली आणि माऊसची वायर गुंडाळायला लागली. हे सगळं मी तिला रोज ऐकवत होतो, आणि ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या उजव्या बाजूची खालची दाढ बऱ्याच काळापासून किडलेली आहे. ही गोष्ट मी लपवली नव्हती, सांगायची योग्य वेळ येण्याची वाट बघत होतो.

"डॉक्टर," मी उठून म्हणालो, "दाढ किडलेला माणूस आला तर तुम्ही त्याला थांबायला सांगता?"

"छे! का?"

मी सरळ त्या खुर्चीत जाऊन आडवा झालो आणि तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढला, आत पाहिलं आणि "अरे देवा" म्हणाल्या. डॉक्टर लोक सहसा असं म्हणत नाहीत.

"कधीपासून आहे हे?"

"नवीन उपचार येतील म्हणून थांबलो होतो."

"अहो, ही वाचली असती! साधं भरून घेतलं असतं तर जन्मभर टिकली असती. आता काढण्याशिवाय इलाज नाही. शेजारचीही गेल्यात जमा आहे." मग त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्यांच्याही घरात हा विषय बरेच दिवस चालू असावा, हे मला त्या पाहण्यावरून कळलं. "अहो, इकडे या. बघा जरा."

यजमान आले, वाकले आणि माझ्या तोंडात बघत राहिले. मी आ वासून छताकडे पाहत पडून होतो. आयुष्यात इतकं अपमानास्पद काही मी केलं नव्हतं, आणि केल्याचं इतकं समाधानही कधी वाटलं नव्हतं. ते सरळ झाले तेव्हा त्यांचा रंग उतरला होता. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"सुतार," ते माझ्या बायकोला म्हणाले, "कधीपासून येऊ शकतील?"

"उद्या," बायको म्हणाली. तिनं वायर पुन्हा सोडली होती.

"आणि यांचं?" डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवत विचारलं.

मला दोन दिवस विचार करायचा होता. घरी चर्चा करायची होती, आणखी एका डॉक्टरांचं मतही घ्यायचं होतं. पण तोंड उघडं असल्यामुळे मला ते नीट मांडता आलं नाही.

"आत्ताच," बायको म्हणाली.

थोड्या वेळानं मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो, एक गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. आतून बायकोचा आवाज येत होता. ती कुठली भिंत आधी, कुठली नंतर, ते समजावत होती, आणि मधे कुणी तिचं बोलणं तोडत नव्हतं. मग ती बाहेर आली. हातात डॉक्टरीणबाईंनी सही केलेला नकाशा होता आणि खाली कोपऱ्यात तिचं स्वतःचं नाव होतं. ते तिनं मला बोट ठेवून दाखवलं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. फाईलबद्दल, फडक्याबद्दल, तिला एकटीनं दुकानात जावं लागलं त्याबद्दल. मी बोळ्याच्या बाजूनं प्रयत्न केला, पण नुसताच गुरगुरल्यासारखा आवाज आला.

"राहू द्या," ती म्हणाली. "कळलं मला."

आणि डब्याची एक बाजू तिनं उचलली, दुसरी मी.